झोयाची उजवी बाजू

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटांनी शैलेंद्र पाटीलने टीमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडला. वेळ लिहून ठेवते. नंतर कोणी म्हणायला नको की आतिकाबाई तिखटमीठ लावून सांगतात.

ग्रुप सोडला! फोन नाही, घरी येऊन दोन शब्द बोलणं नाही. थोड्या वेळाने कॉलेजातून कळलं – सर रिफाच्या कॉलेजला कोच म्हणून गेले. ज्या रिफाने आमच्या मुलींना एकदाही कप उचलू दिला नाही, त्याच रिफाला! आणि त्यांच्याविरुद्ध फायनल महिन्यावर आलेली असताना!

या माणसाला मी आणलं. इथे आखातात, हूरा भागातल्या एका जिममध्ये जाड्या माणसांना ट्रेडमिलवर चढवत होता. मी शाळेतून रिटायर झाले, कॉलेजने मुलींच्या फुटबॉल टीमची मॅनेजर व्हा म्हणून गळ घातली, तेव्हा एकच अट घातली – कोच हा हवा. नऊ वर्षं दर शुक्रवारी माझ्या टेबलावर जेवला. कोल्हापूरचा गडी, माशाला घाबरायचा. काटे काढायला मी शिकवलं!

लहानपणी आमच्या कॉन्व्हेंटमध्ये साधं पाणी प्यायला जायचं तरी सिस्टर बेनेडिक्टाच्या समोर उभं राहून विचारावं लागे. हा नऊ वर्षांनंतर बोटाने एक बटण दाबून गेला.

१७ जानेवारी, शुक्रवार

सुरमई चार माणसांपुरती आणलेली. जेवायला मी, अर्सलान आणि सूनबाई. चौथा तुकडा ताटलीत तसाच.

अर्सलान म्हणाला, "अम्मी, एकदा फोन तर कर त्याला."

म्हटलं, गप जेव. आणि खुबूस कोण आणणार होतं आज? येताना बेकरीतून गरम गरम तोच आणायचा. आम्ही फ्रिजमधले खाल्ले. रोटी कसली, चामडं!

१९ जानेवारी, रविवार

त्याचा फोन आला. उचलला.

"मॅडम, जरा ऐकून तर घ्या की. ते पर्मनंट करतायत. सहा महिने प्रोबेशन, मग खलास, नोकरी कायमची. सावनीला आणि पोराला आणता येईल. इथं दरवर्षी कॉन्ट्रॅक्टची वाट बघत बसायचं..."

"हे मला आधी सांगता आलं नसतं?"

"तुमच्यासमोर उभं राहून सांगायचं धाडस नाही झालं बघा."

"मग आता फोनवर कशाला सांगतोस?" ठेवला.

बायको-मुलाला आणायचं आहे, हे का मला कळत नाही? कळतं. पण हाच माणूस आमच्या टेबलावर बसून त्याच्या तालमीच्या फुटबॉलच्या गोष्टी सांगायचा. चुलतभाऊ दुसऱ्या पेठेच्या टीमकडून खेळला म्हणून याचे वडील त्याच्या लग्नाला गेले नाहीत. वर हा म्हणायचा, "बरोबरच होतं की आबांचं!" आता आबांना काय सांगणार?

२२ जानेवारी, बुधवार

आयांचे फोन सुरू झाले. अपेक्षित होतं. या मुली खेळतात त्या माझ्या शब्दावर. मॅचला जाताना व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर मी, परतताना शेवटची मुलगी घरात शिरेपर्यंत मी. प्रत्येक आईला फोन – पोचली. आणि "कोच कसा आहे?" या प्रश्नाला नऊ वर्षं माझं एकच उत्तर – माझ्या घरचा आहे.

आज झोयाची आई ताहेरा विचारत होती, "आपा, ते तुमच्या घरचे होते ना? मग असे कसे गेले?"

काय सांगू? म्हटलं, "मी आहे ना."

"तुम्ही आहात म्हणूनच सोडते तिला."

झोया आमची गोली. शेवटचं वर्ष. हिच्या हातात कप बघायचा आहे मला. बघणारच.

२६ जानेवारी, रविवार

नवा कोच वकार. कॉलेजच्या जिमचा इन्स्ट्रक्टर, भला मुलगा. शिट्टी थर्मामीटरसारखी तोंडात धरतो. ऑफसाइड मी समजावून सांगितला. दोनदा.

मुलींना मात्र शैलेंद्रचा राग नाही! झोया म्हणते, "मिस, पीपल चेंज जॉब्स." नोकरी बदलतात गं, माणसं नाही बदलत! तिला मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत. "ओके मिस." हे ओके म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

चहा गाळताना लक्षात आलं आणि गाळणं सिंकमध्ये पडलं.

पेनल्टीला झोया नेहमी तिच्या उजवीकडे झेपावते. नेहमी! शैलेंद्रनेच शिकवलं – उजव्या पायाची मुलगी घाबरली की गोलीच्या उजवीकडेच मारते, तू डोळे मिटून तिकडे जा. त्यावर आम्ही दोन सेमीफायनल काढल्या. हे गुपित आमच्या तिघांचं. त्यातला एक आता रिफात बसलाय. त्याच्या मुलींना एवढंच सांगायचं की गोलीच्या डावीकडे मारा. झालं!

बघतेच. बाजू बदलायची.

५ फेब्रुवारी, बुधवार

झल्लाकच्या बीचवर नेलं झोयाला. कॉलेजच्या मैदानावर दहा जण बघतात, रिफापर्यंत बातमी जायला वेळ नाही लागत. वाळूत दोन चपला, तो गोल. या वयात मी पेनल्टी मारल्या. एक पर्यटक जोडपं फोटो काढत होतं. काढू देत.

"डावीकडे!"

"मिस, बट सर सेड ऑलवेज राइट."

"सर आता त्यांचे आहेत."

"ही वुडंट टेल देम, मिस."

"तो मला सांगितल्याशिवाय जाईल असंही कोणाला वाटलं नव्हतं."

डावीकडे जायला लागली. अंग मात्र उजवीकडे ओढ घेतं अजून. गुडघा सुजला. माझा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज वीसपैकी वीस वेळा डावीकडे. आता ये म्हणावं रिफाला!

१९ फेब्रुवारी, बुधवार

हरलो.

एक-एक बरोबरी, मग पेनल्टी. रिफाची पहिली – झोया डावीकडे, बॉल उजवीकडे. दुसरी – तेच. तिसरी – तेच! चौथीच्या आधी झोयाने माझ्याकडे पाहिलं. मी हाताने दाखवलं, डावी. ती उजवीकडे गेली आणि अडवली! पण आमच्या दोन आधीच चुकल्या होत्या, आणि आमची चौथीही बाहेर गेली. तीन-एक. खलास.

शैलेंद्र समोरच्या बाकाजवळ. त्याच्या मुली नाचत होत्या, हा हाताची घडी घालून उभा. नंतर आमच्या बाजूला आला, झोयाच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याकडे वळला. मी पाठ फिरवली आणि मुलींना व्हॅनमध्ये चढवायला लागले.

कोल्हा आहे! आतिकाबाई बाजू बदलणार हे त्याने ओळखलं असणार. नऊ वर्षं माझं मीठ खाऊन माझं डोकं वाचायला शिकला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी झोया आली, आईबरोबर. ताहेराने शिरा आणला होता, कोणी आजारी असल्यासारखा. झोयाने चमचा खाली ठेवला. मग एकदम बोलली, आणि चक्क मराठीत.

"मिस, त्यांची कॅप्टन माझ्या केमिस्ट्रीच्या ट्यूशनला असते. मी विचारलं तिला. सरांनी काहीच सांगितलं नव्हतं."

"काहीच म्हणजे?"

मॅचच्या आधी त्यांच्या मुलींनी विचारलं – सर, त्यांची गोली कुठे जाते? हा म्हणाला, "मफी, काही नाही. झोयाबद्दल मला विचारायचं नाही." मग त्यांच्या स्पोर्ट्सच्या साहेबांनी विचारलं, सगळ्यांसमोर. त्यांनाही मफी. साहेब म्हणाले, तुम्ही प्रोबेशनवर आहात, लक्षात आहे ना? हा म्हणाला, "आहे सर."

आणि मुलींनी घाबरून मारायच्या तिकडेच मारल्या. उजवीकडे. झोया जिथे नऊशे वेळा गेली असती तिथे.

"मी चौथीला तुमचं ऐकलं नाही, मिस. सॉरी."

सॉरी म्हणते! मला!

ताहेरा शिऱ्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे होते तुमच्या घरचेच, आपा."

२३ फेब्रुवारी, रविवार

तीनदा खोडून शेवटी मेसेज पाठवला. जसाच्या तसा:

"शैलेंद्र, शुक्रवारी २८ तारखेला रमजानच्या आधीचं शेवटचं जेवण. सुरमई चार माणसांपुरती आणते आहे. झोयाची बाजू मी बदलली होती, तिला काही बोलू नकोस. मला काय बोलायचं ते समोर बसून बोल. येणार की नाही, ते गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत लेखी कळव. फोन चालणार नाही. येताना खुबूस आण."