न्यूमाचा उरलेला अर्थ

प्रिय यशोधरा,

फोन हातात असताना हे पत्र कशाला लिहितोय, म्हणून हसशील. हस, पण शेवटपर्यंत वाच.

इकडे बाबांची गडबड चालू आहे. रविवारच्या तुझ्या बाप्तिस्म्यासाठी उत्तरेश्वरकाकांचं शेततळं ठरलं. तळ्यातला प्लास्टिकचा कागद शेवाळानं निसरडा झालाय, म्हणून बाबा काठावर खुंट्या ठोकून दोर बांधून आले. तू घसरू नयेस, एवढीच त्यांना काळजी. मंडळीतली निम्मी माणसं येत्या आठवड्यात ऊसतोडीला जातील. टोळ्या निघायच्या आत सगळ्यांसमोर तुझा बाप्तिस्मा व्हावा आणि मग आपलं लग्न, असा त्यांचा पाळक म्हणून हट्ट आहे. आईनं तुझ्यासाठी पांढरी साडी आणून ठेवली आहे. रोज घडी मोडून बघते आणि पुन्हा घालते.

बाबा पाण्यात तुला तीन प्रश्न विचारणार. पित्यावर विश्वास ठेवतेस का, पुत्रावर ठेवतेस का, पवित्र आत्म्यावर ठेवतेस का. पहिल्या दोन प्रश्नांवर तू महिनोन्‌महिने विचार केलास, माझ्याशी भांडलीस आणि मग मनापासून हो म्हणालीस. तिसऱ्यावर मात्र अडलीस. तुझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून तुमच्या घरात आत्मा कुणी मानत नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून तू सरळ विचारलंस, "आमी आत्मा मानतच न्हाई, मग लग्नासाठी खोटं कावून बोलू?"

तेव्हा माझं ग्रीक कामाला आलं. पुण्याला वर्षभर शिकलो आणि कसाबसा पास झालो, पण तुझ्यापुढे पंडित झालो. म्हणालो, अगं, बायबलात आत्म्यासाठी मूळ ग्रीक शब्द 'न्यूमा' आहे. त्याचा अर्थ वारा, श्वास. तू विपश्यनेच्या शिबिरात डोळे मिटून नाकाशी जो येता-जाता श्वास बघतेस, तोच. तुझा चेहरा असा मोकळा झाला की मला स्वतःचा अभिमानच वाटला.

मी खोटं बोललो नव्हतो. त्या शब्दाचा अर्थ वारा आहे, श्वासही आहे. पण आमच्या शास्त्रात तोच न्यूमा बोलतो, शिकवतो, माणसांना वाट दाखवतो. त्याला दुःख होतं. त्याच्याशी खोटं बोलणं म्हणजे देवाशी खोटं बोलणं, असंही तिथे आहे. बाबा तिसरा प्रश्न विचारतील तो त्याच्याबद्दल, तुझ्या नाकातल्या हवेबद्दल नाही. हे मला त्या बाकावरही माहीत होतं. तू हो म्हणशील एवढाच अर्थ मी सांगितला आणि उरलेला गिळून टाकला.

तरी मी गप्पच राहिलो असतो. पण काल तुझी आई, केशरमावशी, नांदूरघाटला आमच्या घरी आल्या. इतके दिवस त्या माझ्याशी धड बोलत नव्हत्या. काल मात्र धपाटे बांधून आणले आणि आमच्या आईजवळ बसून म्हणाल्या, "पोरीनं समदं समजून सांगितलं. तुमच्यात बी आत्मा म्हंजे निस्ता श्वासच हाय म्हनं. मंग माजी काय ना न्हाई. मी बी येते तळ्यावर." बाबांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून धपाटा खात बसलो. तो घास मला अजून गिळवत नाही, यशोधरा. मला लाज वाटते.

मावशी गेल्यावर बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही, पण जेवलेही नाहीत. शेवटी म्हणाले, "जीवन, तिला मी इचारनार हाय, तुला न्हाई. तिला पुरतं सांग." मीही त्यांना सांगून टाकलं, की ती तळ्यावर आली नाही तरी मी लग्न तिच्याशीच करणार, नोंदणी कार्यालयात. तुला मी अजून हवा असेन तर.

म्हणून आता सगळा अर्थ लिहून कळवला. तो मनाला पटला तरच रविवारी ये. नाही पटला तर येऊ नकोस, आणि मावशींना माझी लबाडी खुशाल सांग. हे सगळं समोर बसून बोलायला हवं होतं, मला कळतं. पण तू समोर असलीस की मी तुला पटवून देणार, आणि ते मला फार चांगलं जमतं. तिसऱ्या प्रश्नाला तू हो म्हणावंस असं मला अजूनही वाटतं. म्हणूनच रविवारपर्यंत तुला भेटणार नाही.

तुझाच,
जीवन