अ रीखाइन

प्रिय नॅसा,

पत्र फाडायचंच असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच. मी केवढा मोठा गाढव आहे ते आज सकाळी कळलंय.

गेल्या सप्टेंबरात गॉलवेला तू आमच्या खोलीत जॅमची बरणी ठेवून गेलीस. वर तुझ्या हातचे आयरिशमधले दोनच शब्द: ‘अ रीखाइन’. मी वाचलं, ‘त्याची फ्रीखानं’, म्हणजे जॅममधली ती डोंगरी निळी फळं त्याची. त्याची म्हणजे कोणाची? खोलीत दुसरा होता तो डॉनखा, आदल्याच शनिवारी तुझ्याबरोबर नाचलेला! बरणी त्याच्या उशाशी आदळली, ‘घे, तुझी आलीय’ म्हणालो, आणि पहिल्या बसने घरी. कॉलेज सुटलं ते सुटलंच. तुझ्या तीन निरोपांना मी उत्तरही दिलं नाही.

आज शेजारच्या नोरामावशीबरोबर डोंगरावर फ्रीखानं तोडत होतो. तिने डिवचलं, काय रे, पोरीने हाकललं वाटतं? मग मी सगळं ओकलो. ती हसता हसता झुडपातच बसली. म्हणाली, अरे शहाण्या, ‘त्याची फळं’ म्हणताना फ गिळतात, तसा लाडाने हाक मारतानाही गिळतातच की! दोन्ही अगदी सारखंच. ती तुला ‘ए फ्रीखाना’ अशी हाक मारत होती, मेल्या! कॉलेजात काय मेंढ्या वळत होतास? आणि फ्रीखानातलं फ्रीख म्हणजे हे झुडूप, तसा फ्रीख म्हणजे संतापही. तिने तुला चिडका बिब्बा म्हटलंय, तोही गोड!

नॅसा, त्या दोन शब्दांत माझा सगळा स्वभाव होता, आणि तो वाचून मी नेमका तसाच वागलो! व्याकरणात नापास झालो असतो तरी एवढी लाज वाटली नसती.

तुझ्या आईकडून मावशीला कळलं की सोमवारी तू अनुवादाच्या नोकरीसाठी ब्रसेल्सला निघालीयस. म्हणून हे घाईने. रविवारी गावातली सगळी तरणी पोरं फळं तोडायला वर जातील. तू माझ्याबरोबर येशील? ‘आपली फळं’ म्हणताना तो फ गिळत नाहीत, त्याचा व होतो: ‘आर व्रीखाइन’. इथे मलासुद्धा चुकायला जागा नाही. मी टोपली एकच आणतोय.

तुझाच, अजून तुझाच असेन तर,
फीअक्रा