कणकेतला केस

११ नोव्हेंबर, सोमवार

परत कणकेत केस! हातभर लांब. माझा नाही, माझे पांढरे आणि आखूड. सुनेचा, मीनाचाच. धनराजने पोळी बाजूला सारली, डबा न घेताच कंपनीत गेला. बायकोला काही बोलणार नाही तो. मग मी बोलले. "डोक्याला फडकं बांध म्हणून किती वेळा सांगू?"

"बांधलं होतं आत्याबाई."

बांधलं होतं तर केस काय उडत आला?

बोलायला गेलं की भांडण होतं. सातपूरच्या या चाळीत भिंतीला कान आहेत. म्हणून लिहिते. सहावी शिकले तेवढं पुरतं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

मोरी तुंबली. बोट घालून काढलं तर हा एवढा पुंजका! मे महिन्यात लग्न होऊन आली तेव्हा वेणी माझ्या मनगटाएवढी होती. हळदीला बायका हात लावून बघत होत्या, खरी का खोटी. आता काय राहिलं? बुटाची लेस.

पाण्याचा दोष असेल. पण मग माझे का नाही गेले? तीस वर्षं हेच पाणी पिते, याच पाण्याने न्हाते.

२० नोव्हेंबर, बुधवार

शेजारच्या साधनाने सांगितलं, कांद्याचा रस लावा. लावला. घरात भज्यांच्या गाडीसारखा वास. धनराज उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. मीना हसली. लय दिवसांनी हसली. केस गळायचे ते गळतातच.

३० नोव्हेंबर, शनिवार

दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली, नखं बघितली. रक्त तपासलं. थायरॉईड चांगलं निघालं. पण अंगात रक्तच नाही म्हणे, निम्मंच आहे. केस त्यानेच गळतात. लोहाच्या गोळ्या दिल्या, चहाबरोबर घ्यायच्या नाहीत.

मग माझ्याकडे वळून — "जेवण नीट देता ना सुनेला?"

मला! मला विचारलं!

पंधरा वर्षांची होईपर्यंत मी सुरगाण्याच्या डोंगरात नागलीची, इकडे नाचणी म्हणतात तिची, काळी भाकर खाल्ली. गहू बघायला मिळायचा तो लग्नात. सातपूरला आले तेव्हा ठरवलं, माझ्या घरात दोन्ही वेळा पोळीच होणार, पांढरी, तूप लावून. हे गेले, एकटीने पोर वाढवलं, तरी ते मोडलं नाही. आणि मी सुनेला उपाशी ठेवते?

मीना खाली बघत बसली होती. तोंड उघडून "देतात" एवढं म्हणायला काय झालं होतं?

१ डिसेंबर, रविवार

कणकेचे लाडू केले. तूप, गूळ, डिंक, काही कमी ठेवलं नाही. आता बघतेच कसं रक्त वाढत नाही.

८ डिसेंबर, रविवार

ताटाशी उभी राहते. त्याशिवाय खात नाही ही. "बास आत्याबाई." बास कसलं! आणखी एक पोळी टाकली. "नको" म्हणून ताटावर हात धरला, तो बाजूला करून टाकली. लाडू मीच तोंडात घातला. माझी सासू मला ताटात काय टाकायची ते मलाच ठाऊक. हिला आयतं मिळतंय तर नखरे!

२५ डिसेंबर, बुधवार

रक्त तेवढंच. डॉक्टरीण म्हणते गोळ्या घेत नसेल. कशी घेत नाही? माझ्यासमोर गिळते. जीभ बाहेर काढून दाखवायला लावते मी.

पोट फुगतं, सारखी संडासला पळते. साधना म्हणते तूप पचत नसेल. तूप बंद केलं, रव्याचा शिरा दिला — दुधातला, हलका.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. नव्या सुनेची पहिली. काळी साडी घेतली, हलव्याचे दागिने घातले. डोक्यावरचं फूल टिकेना — अडकवायला केसच नाहीत. शेवटी पिना मारून मारून बसवलं. गुळाची पोळी भरवली.

संध्याकाळी ओकली. साधना डोळे मिचकावते, "गोड बातमी दिसतेय!" मलाही तसंच वाटलं, खोटं का लिहू. धनराजला पळवलं मेडिकलला. काही नाही निघालं. मीना मोरीजवळ बसून रडली. मी म्हटलं, रडायला काय झालं, होईल. ती म्हणाली, "त्याच्यासाठी नाय रडत मी."

मग कशासाठी? ते सांगेना.

१९ जानेवारी, रविवार

अक्काबाई आली, मीनाची आई. पिशवीत वाल आणि खुरासणीची चटणी घेऊन. पोरीला बघितलं आणि पिशवी दारातच ठेवली. भांग बोटभर रुंद झालाय, टाळू दिसते. हाताने चाचपून बघितला तिने.

"उपाशी मारली का काय माझी पोर?"

"लाडू खाते ती माझ्याकडे! तुमच्याकडं काय खायची, नागली?"

"नागली खायची, पण अशी नव्हती! हाडं हायेत नुसती. जशी दिली तशी परत द्या."

चाळ गोळा झाली. साधना दारात कमरेवर हात ठेवून, फुकटचा तमाशा. अक्काबाई घेऊन गेली पोरीला. धनराज त्यांना निमाणीच्या स्टँडवर जीपमध्ये बसवून आला. आल्यापासून माझ्याशी बोलत नाही.

लाडवांचा डबा अर्धा राहिलाय. कोणी हात लावत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

धनराज सुरगाण्याला, मीनाच्या माहेरी जाऊन आला. मोबाईलवर फोटो दाखवला. मीना अंगणात उभी. गालावर मांस आलंय! तीन आठवड्यांत! "पोट दुखत नाही म्हणते," एवढंच बोलला.

"तिथं खाते काय?"

"नागली आणि भात, आई. दुसरं काय असणार तिथं."

म्हणजे काय झालं? माझ्या घरात वाळली आणि आईच्या घरात भरली. लोकांच्या जागी मी तरी दुसरं काय समजले असते! नळावर बायका गप्प होतात मी गेले की. एकीने तर तोंडावरच विचारलं, सून परत येणार का?

मी उपाशी नाही ठेवली. पण हे कोणाला दाखवू? ताटं तर धुवून झाली.

२३ फेब्रुवारी, रविवार

आली! धनराजने आणली. चाळीतून चालवत नेली, सगळ्यांना दिसू दे. साधनाच्या दारासमोर मुद्दाम हळू चालले. आल्या आल्या गरम पोळी वाढली. यावेळी कोणाला बोलायला जागाच ठेवणार नाही.

४ मार्च, मंगळवार

परत तेच! ओकारी, पोट, तोंड पांढरं. उशीवर केस. धनराजने सुट्टी टाकली, पोटाच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. मीही गेले.

डॉक्टर — "काय होतंय?" मी सगळं सांगितलं. डॉक्टर — "माहेरी बरं वाटत होतं?" मी म्हटलं, थोडंफार. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी तिला विचारतोय, आजी."

आजी! नातू नाही अजून मला.

मीनाने सांगितलं, तिकडं बरं होतं. काय खात होतीस? नागली, भात, उडदाची आमटी. आणि इथे? तिने माझ्याकडे बघितलं. "पोळी."

"आमच्या घरात पोळी लागते," मी म्हटलं. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. मग चिठ्ठीवर खूप काही लिहिलं. रक्ताची वेगळी तपासणी. तोवर जेवण आहे तेच चालू ठेवायचं म्हणाले, नाहीतर तपासणीत कळत नाही.

१३ मार्च, गुरुवार

होळी. पुरण नाही शिजवलं. काल तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढला मीनाचा. घशाला लागलं, बोलत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

गहू.

गव्हाने झालंय. काहींच्या आतड्याला गहू चालतच नाही म्हणे, आतून सोलून निघतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. लोहाच्या गोळ्यासुद्धा तशाच वाहून जातात. मी विचारलं, पण केस का गळावे? डॉक्टर म्हणाले, अंगात कमी पडायला लागलं की शरीर केसांचं आधी तोडतं. केस गेले तर माणूस मरत नाही ना. पोळी, रवा, मैदा, शेवया, सगळं बंद. जन्मभर.

पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिते. आनंद झाला! मी उपाशी ठेवली नव्हती! घरी येऊन साधनाला दारातूनच ओरडून सांगितलं, कागद नाचवून. चार घरं ऐकतील असं.

मग चहा ठेवायला आत गेले. लाडवांचा डबा समोर. प्रत्येक लाडू मी माझ्या हाताने तिच्या तोंडात घातला होता. ती नको म्हणत होती.

चहा उतू गेला.

२३ मार्च, रविवार

मीना माहेरी गेली, ताकद येईपर्यंत. अक्काबाईचा फोन आला. "इहीणबाई, माझं तोंड लय चाललं त्या दिवशी. मनात ठेवू नका." मी म्हटलं, नाही ठेवत. चला, एवढं तरी मिटलं.

३० मार्च, रविवार

पाडवा. गव्हाचा डबा साधनाकडे देऊन टाकला. पोळपाट, लाटणं, तवा सगळं नवं आणलं, जुन्याला कणीक चिकटलेली असते. गिरणीवाल्याशी भांडले. "एका नागलीसाठी जातं झाडून देऊ का मावशी?" नको देऊस! जुन्या बाजारातून हातजातं आणलं. दळते. खांदा मोडून आला. मीसुद्धा आता नागलीच खाते. पहिला घास गळ्याखाली उतरेना, मग उतरला. चव तीच आहे, लहानपणची.

६ एप्रिल, रविवार

मीनाचा फोन आला होता धनराजला. मी मागून ओरडले, केस कसे आहेत विचार! बारीक बारीक नवे येतायत म्हणे, कपाळावर उभे राहतात. शनिवारी येणार. तिचा कोनाडा पुसला. आरशाजवळ नवा कंगवा ठेवला, रुंद दातांचा. नागलीचं पीठ, तांदळाचं पीठ, वेगळे डबे. काय काय करायचं सगळं ठरवलंय मी.

१२ एप्रिल, शनिवार

मीना आली. जीपमधून उतरली ती इथे नाही — अशोकनगरला. धनराजने तिथे खोली घेतलीय, दोघांपुरती. गॅस घ्यायला आला तेव्हा मला कळलं.

मी म्हटलं, आता काय झालं? गहू तर गेला घरातून!

"गव्हाचं नाही आई," तो म्हणाला. "तिला तिच्या हाताने जेवायचंय."