दुपारी एक ते चार, चाचांचा बोर्ड

प्रिय दस्तगीरचाचा,

तुम्ही गेल्यावर तुमच्या चाळिसाव्याला मी चार माणसांत उभा राहून तुमच्याबद्दल बोललो. तुमच्या टायपिंग क्लासमुळं शिवाजी पेठेतली किती पोरंपोरी नोकरीला लागली, आमच्यासारख्या उनाडांना तुम्ही संगणकाची गोडी कशी लावली, सगळं नीट बोललो. आणि शेवटी, कुणी विचारलं नसताना, एक वाक्य जोडलं : "पुढं पुढं मात्र चाचांनी आम्हाला जरा दूरच केलं." तुमची मुलगी शबाना समोर बसली होती. नंतर तिनंच जेवणाचं ताट आणून माझ्या हातात दिलं आणि मी ते खाल्लं.

ते वाक्य मागं घ्यायला हे पत्र लिहितोय. गेल्या आठवड्यात मला एक गोष्ट कळली, आणि तेव्हापासून दाढी करताना आरशात तोंड बघायची लाज वाटते.

झालं असं की जुन्या मंडळींनी ठरवलं, चाचांच्या आठवणीसाठी फोटो नको, हार नको, त्यांचा बोर्ड परत सुरू करू. शबाना आता तुमच्याच जागेत संगणक शिकवते. तिच्या क्लासातल्या मुलींना बोर्ड म्हणजे काय हे सांगताना माझी तारांबळ उडाली. म्हटलं, एक संगणक, त्याला एक मोडेम, त्याला एक फोन. आपण आपल्या घरून नंबर फिरवायचा, शिट्टी वाजायची, आणि आपण चाचांच्या संगणकात शिरायचो. तिथं सूचना वाचायच्या, एकमेकांना पत्रं लिहायची, प्रोग्रॅम उतरवून घ्यायचे. एकावेळी एकच माणूस आत, दुसऱ्याला फोन एंगेज. "म्हणजे एका खुर्चीचं सलून," एक मुलगी म्हणाली. तुम्हाला आवडली असती ती.

आठवतं ना? दिवसभर क्लासला फोन लागायचा, म्हणून बोर्ड चालायचा दुपारी एक ते चार. सगळं कोल्हापूर शटर ओढून झोपायचं तेव्हा तुमचा मोडेम जागा. बाबा टेलिफोन खात्यात, म्हणून कळंब्याच्या आमच्या घरी फोन होता. त्या एका गोष्टीवर मी कॉलेजात कॉलर ताठ करून फिरायचो. माणशी रोज अर्धा तास, त्यापुढं बोर्ड आपोआप बाहेर काढायचा. आणि टोपणनावाला बंदी. "नाव लपवून बोलायचं आसलं तर रंकाळ्यावर जावा," हा तुमचा कायदा.

सॉफ्टवेअर तुम्ही कसं निवडलंत, ते आठवलं की अजून हसू येतं. माझा मित्र विनायक, त्याच्या मामानं पुण्याहून तीन प्रोग्रॅम आणले होते. एकात रंगीत चित्रं आणि खेळ. विनायकचा जीव त्यात अडकला. दुसरा मोठा तालेवार, एकदम चार फोन सांभाळणारा. तो मला हवा होता. तुम्ही म्हणालात, एका फोनसाठी चपला झिजल्या, चार कुठनं आणू? तिसरा अगदीच साधा, काळ्यावर पांढरी अक्षरं. पण त्यात एक बटण दाबलं की आत आलेल्या माणसाशी तुम्हाला लगेच बोलता यायचं. पडद्याचे दोन भाग व्हायचे, वर त्याचं, खाली तुमचं. बाकीच्यांतही ती सोय असेल, पण ती हुडकेपर्यंत माणूस निघून जायचा. आम्ही नाकं मुरडली तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "दारात माणूस आलाय आणि मालकानं बस म्हणायचं न्हाय? असलं कसलं घर?"

मग रोजचं सुरू झालं. मी आत शिरायचो, कुणाचं तरी पत्र वाचायला घ्यायचो, की पडदा मधोमध फाटायचा आणि इंग्रजी अक्षरांतलं तुमचं मराठी एकेक ओळ करत उमटायचं : जेवलास का? मग बाबांच्या गुडघ्याची चौकशी. मग रविवारची फुटबॉलची मॅच. तालमीच्या पोरांनी गोल कसा घालवला यावर तुमची पाच मिनिटं, आणि तीही माझ्या अर्ध्या तासातली!

आणि एका दिवसापासून ते बंद झालं. बोर्डाच्या दारातच, पहिल्याच पडद्यावर, नवी पाटी लागली : "चाचाशी बोलायचे असल्यास हाक मारा. चाचा आपण होऊन मधे येणार नाही." हाक मारायला एक बटण होतं. ते दाबलं की तुमच्याकडं घंटी वाजायची.

मी ते बटण कधीच दाबलं नाही, चाचा. म्हटलं, हे शिष्ट झाले. बोर्डाला माणसं वाढली, आता आपली गरज काय? मीच का हाक मारू? विनायकला सांगितलं, कॉलेजात सांगितलं, पुढं बायकोलाही सांगितलं. तुम्ही वाट बघत असाल हे डोक्यात आलं नाही. नंतर गल्लोगल्ली इंटरनेटची दुकानं झाली, बोर्ड बंद पडला, मी नोकरीला लागलो. पेठेतून जाताना तुमच्या क्लासची पाटी दिसायची. गाडी हळू करायचो, पण थांबायचो नाही.

आता नवा बोर्ड. सॉफ्टवेअर निवडायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी संगणकात पोट भरतो. आता फोन फिरवावा लागत नाही, कुणीही कुठूनही इंटरनेटवरून आत येऊ शकतो. विनायकला अजून खेळच पाहिजेत, डोक्यावर केस राहिले नाहीत तरी. दुसऱ्या एकाला मोबाइलवर चालणारं हवं. मी बघत होतो मराठी नीट उमटतं का. एकात वेलांट्या सैरावैरा, दुसऱ्यात काना अक्षर सोडून लांब जाऊन उभा. तिसऱ्यात मराठी शहाण्यासारखं आलं. तेच घेतलं, आणि योगायोगानं तुमच्यासारखंच, काळ्यावर पांढरं.

मांडामांड झाल्यावर तपासायला बसलो. शबाना तुमच्या खुर्चीवर, मालकाच्या पडद्यापुढं. मी आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन, बाहेरचा माणूस म्हणून आत शिरलेला. काहीतरी लिहायचं म्हणून लिहिलं, "शबाना चहा पाणचट करते." मग पुसलं आणि लिहिलं, "नमस्कार, ही चाचणी आहे."

बाहेरून आवाज आला, "दादा, पुसलंस कशाला? मी वाचलं की."

मी उठून बाहेर गेलो. तिच्या पडद्यावर माझा पडदा जसाच्या तसा होता. मी अक्षर टाइप केलं की तिथं अक्षर, पुसलं की तिथं पुसलेलं. पत्र पाठवायच्या आधीच. मी विचारलं, हे नवीन आहे का? ती हसायला लागली. म्हणाली, आधीपासनंच असं. अब्बा समोर बसायचे, ती शाळेतून आली की शेजारी स्टुलावर. इंग्रजी अक्षरं तिला तेव्हा वाचता येत नव्हती, पण ती पळताना बघायला मजा यायची.

मग तिनं सहज सांगितलं. एकदा मी आत आलो होतो आणि तुम्ही बोलायच्या बटणावर बोट ठेवून तसेच बसून राहिलात. ती म्हणाली, दाबा की. तुम्ही बोट काढलंत आणि म्हणालात, "लिवतोय पोरगा. लिवू दे." मग उठून तोंड धुऊन आलात. तिच्या लक्षात राहिलं, कारण नंतर त्या बटणासाठी ती हट्ट करायची आणि तुम्ही दाबू द्यायचा नाही.

मला कळलं तो दिवस कुठला, चाचा.

त्या दिवशी मी विनायकला खाजगी पत्र लिहीत होतो. ते असं होतं : "या चाचाला दुसरा उद्योग नाही. रोज आपलं जेवलास का, जेवलास का. मी काय याच्या घरचा लागून गेलोय? स्वतःला मुलगा नाही, म्हणून लोकांची पोरं गोळा करत बसलाय." एवढं लिहिलं आणि थांबलो. मग शेवटापासून एकेक अक्षर पुसत वर गेलो, आणि त्या जागी मॅचचं लिहून पाठवून दिलं.

लाज वाटून पुसलं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं! खरं सांगतो, विनायकच्या पोटात काही राहत नाही, ते तुमच्या कानावर जाईल या भीतीनं पुसलं. आणि तुम्ही ते लिहिताना पाहिलंत, पुसतानाही पाहिलंत. दुसऱ्या दिवशी ती पाटी लागली. मला एकट्यालाच कळेल अशी नाही, सगळ्यांसाठी. म्हणजे मला संशयसुद्धा येऊ नये.

ज्या बटणासाठी तो प्रोग्रॅम घेतलात, ते बटणच तुम्ही माझ्यामुळं सोडलंत. आणि तुम्ही शिष्ट झालात म्हणून इतकी वर्षं फुगून मी बसलो! चोराच्या उलट्या बोंबा याहून वेगळ्या असतात का हो? तुमच्या चाळिसाव्याला, तुमचंच अन्न खायच्या आधी, तुमच्या मुलीसमोर मी तुमच्याबद्दल तक्रार केली. त्याची लाज कुठं ठेवू?

एक राग मात्र आहे. बोलायचं की तोंडावर! शिवाजी पेठेतला माणूस तुम्ही, फुटबॉलच्या एका गोलासाठी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं भांडायचा. मला क्लासात बोलवून दोन मुस्काटात का नाही दिल्यात? मी रडलो असतो, माफी मागितली असती, आणि दुसऱ्या दिवशी परत जेवलास का. एवढं गप्प राहायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? की माझं पुसणं बघून तुम्हाला वाटलं, पोराला कळलंय, आता आपण कशाला बोला? तसं वाटलं असेल तर चाचा, तुम्ही माझा फार चांगला अंदाज केलात. माझी तेवढी लायकी नव्हती.

आता हे सांगायला हवं की हे पत्र मी कागदावर लिहीत नाही. आज रविवार आहे, दुपार आहे, मी कळंब्यात घरी आहे आणि तुमच्या नव्या बोर्डात शिरून हे लिहितोय. लिहायला बसण्याआधी शबानाला फोन केला. म्हटलं, क्लासात जा, अब्बांच्या खुर्चीवर बस, पडद्याकडं बघ. कशासाठी ते सांगितलं नाही. आता तिला इंग्रजी अक्षरं येतात आणि हे तर मराठीच आहे. "मुलगा नाही" हे तिनं वाचलं असणार. ते लिहिल्यावर माझं बोट पुसायच्या बटणावर गेलं होतं. मी हात मांडीखाली घेऊन बसलो. या पत्रात एक अक्षर पुसलेलं नाही, चुका असतील त्या तशाच आहेत.

बराच वेळ तिकडून काहीच नाही. उठून गेली असेल. जाऊ दे, तिचा हक्क आहे.

पडदा मधोमध फाटला, चाचा. खालच्या भागात एक ओळ आली. "वाचलं, दादा." मग पुन्हा काहीच नाही. मध्ये तिनं काहीतरी लिहून पुसलं की काय, मला इकडून दिसत नाही. मालकाची ओळ पुरी झाली की मगच इकडं येते, पुसलेलं कुणालाच दिसत नाही. तुम्ही काय काय पुसलं असेल?

आता परत आलं : "जेवलास का?"

मी "न्हाय" म्हणून लिहिलं. म्हणाली, मग ये, थंड व्हायच्या आत.

निघतो. जाण्याआधी एक शब्द देतो. पुढच्या रविवारपासून एक ते चार तुमच्या खुर्चीवर मी बसणार. दारातली ती पाटी नव्या बोर्डावर लागणार नाही. जो कुणी आत येईल त्याला पहिल्यांदा मीच विचारणार, जेवलास का. त्याचा अर्धा तास वाया गेला तरी. आणि कुणी कंटाळून माझ्याबद्दल काही वंगाळ लिहिलं आणि पुसलं, तर ते मी वाचेन, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारेन.

तुमचा,
कळंब्याचा सुधीर