घारीचा आवाज मीच

सोमवार, ४ मार्च. सकाळी सव्वासहा.
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही.
बातमी अशी की घार परत येतेय. अॅनिमेशनचा सिनेमा. हिने पेपर वाचता वाचता सांगितलं, "अहो, तुमची ती बाई येतेय परत."
माझीच. घार म्हणजे चित्रकथेतली हेर. दिवसा टायपिस्ट, संध्याकाळी शत्रूच्या कपाटात लपलेली. तिच्यावर रेडिओने मालिका काढली आणि दुसऱ्याच आठवड्यात नायिका लग्न करून परदेशी गेली. मी त्यात वॉचमन होतो. ऐन रेकॉर्डिंगला तिचे संवाद मी बाईच्या आवाजात म्हणून दाखवले. त्यानंतर सहा वर्षं घार म्हणजे मी. नाव सांगत नसत, फक्त 'एक नवी कलावती' म्हणत. कलावतीला लग्नाच्या मागण्या येत. त्यात एक डॉक्टर होता.
आणखी एक गोष्ट, जी कुणी छापलेली नाही. हेर कुजबुजते. कुजबुजताना माझा आवाज पुरुषी व्हायचा. म्हणून लेखकाने घारीच्या अंगावर वीज पाडली आणि तिला उडायला लावलं. उडणारी बाई कशाला कुजबुजेल? ती ओरडते. "मेल्या, वर बघ!" पोरं गल्लीत तेच ओरडत फिरायची. मग चित्रकथावाल्यांनीही तिला पंख चिकटवले. म्हणजे हेराची सुपरहिरोइन कुणी केली? मी.
संकल्प: दुपारपर्यंत मौन. कोमट पाणी. फ्रिजकडे बघायचंसुद्धा नाही.

मंगळवार, ५ मार्च.
मौन मोडलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी गॅलरी धुतली आणि सगळं पाणी आमच्या वाळत घातलेल्या चादरीवर. बोलावंच लागलं. पण आवाज काय खणखणीत लागला! त्यांनी हिला विचारलं, "तुमच्याकडे कोण बाई आल्यात हो? फार भांडकुदळ आहेत."
आवाज शाबूत आहे.

शुक्रवार, ८ मार्च.
सिनेमा कंपनीला फोन. मुद्दाम घारीच्या आवाजात बोललो. पलीकडची मुलगी शेवटपर्यंत मला मॅडम म्हणत होती. वय विचारलं. म्हटलं, घारीला वय नसतं. १९ तारखेला ऑडिशन. निम्मी लढाई इथेच जिंकली.

मंगळवार, १२ मार्च.
नोकरी सोडली. इतकी वर्षं त्या कपड्यांच्या दुकानात माईकवर "पांढरी गाडी कुणाची आहे, कृपया बाजूला घ्यावी" म्हणत बसलो. बास झालं. मॅनेजर म्हणाले, काका, नीट विचार केलात ना? म्हटलं, विचार करणारे गाड्याच बाजूला घेत बसतात.
चिरंजीव म्हणाले, बाबा, आधी ऑडिशन, मग राजीनामा, असा क्रम असतो. या पिढीत हिंमत म्हणून नाही. ही आतल्या खोलीत जाऊन पोटभर हसली, ते ऐकू आलं.

शुक्रवार, १५ मार्च.
घशाचा डॉक्टर. म्हणाला, वयाच्या मानाने घसा ठीक आहे. पहिले दोन शब्द मी ऐकले नाहीत. ओरडू नका म्हणाला. ओरडणं म्हणजे नक्की किती, हे ठरायला हवं म्हणून करून दाखवलं, "मेल्या, वर बघ!" बाहेर बसलेले सगळे पेशंट छताकडे बघत होते. कंपाउंडर अजून बघत होता.

मंगळवार, १९ मार्च. दुपारी चार.
ऑडिशन झाली. उत्तम.
दिग्दर्शिका तिशीची पोरगी, स्टुडिओतही टोपी घालणारी. मला बघून माझ्या मागे बघितलं आणि म्हणाली, मॅडम कुठे आहेत? म्हटलं, समोर. काचेच्या खोलीत उभं केलं. घारीची आरोळी दिली. साउंडवाल्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. भारावला.
मग टोपीवाली म्हणाली, "काका, कमाल आहे. पण आमची घार उडत नाही हो. आम्ही तिला परत हेर केलंय. जरा कुजबुजून दाखवता का?"
मी तिला समजावलं. घार का उडते, कुणामुळे उडते, सगळं सांगितलं. तिने मन लावून ऐकलं, चहासुद्धा मागवला. मग म्हणाली, तरी एकदा कुजबुजा.
कुजबुजलो. "दार लाव. कुणीतरी ऐकतंय." मग साउंडवाल्याने विचारलं, ही लाइन वॉचमनची आहे का?
ती म्हणाली, कळवतो. नाही म्हणायचं असतं तर तिथल्या तिथे म्हणाली असती. कळवतो म्हणजे झालंच.

शुक्रवार, २२ मार्च.
सराव म्हणून हिच्या कानाशी कुजबुजलो, "नकाशा माझ्याकडे आहे." ही म्हणाली, "घसा बसलाय का? वाफ घ्या." चिरंजीवांच्या दाराशी कुजबुजलो. आतून, "बाबा, आत या ना, असं काय करताय?"
खरं म्हणजे कुजबुज ही कला नाहीच. वाया गेलेला श्वास आहे नुसता. हेर मोठ्याने बोलला तर कुणाला संशय येणार आहे?

शनिवार, ३० मार्च.
फोन नाही. चिरंजीवांच्या फोनवरून माझ्या फोनला फोन केला. वाजतो.

शनिवार, ६ एप्रिल.
वाजला. घारीचा आवाज एका चोवीस वर्षांच्या पोरीला दिला. कुजबुजते म्हणे सुरेख.
जाहीर निषेध! सिनेमावर आयुष्यभर बहिष्कार. आजपासून उपोषण. मला न्याय मिळेपर्यंत अन्नाला शिवणार नाही.
ही म्हणाली, "त्या पोरीनं काय घोडं मारलंय तुमचं? जेवून घ्या, मग बसा उपोषणाला." जेवून बसलो.
खरं लिहायचं तर रडू आलं. ती सहा वर्षं घराघरातली पोरं चिडीचूप बसून मला ऐकायची. त्यानंतर माझं कुणी ऐकलेलं नाही. गाडी बाजूला घ्या म्हटलं तरी घेत नाहीत.

गुरुवार, १८ एप्रिल.
टोपीवालीचा फोन! त्यांना घारीची जुनी आरोळी हवी आहे. रेडिओकडे एकही टेप उरलेली नाही, सगळ्या पुसून त्यांच्यावर दुसरं काही रेकॉर्ड केलं. म्हणजे ती आरोळी जगात एकाच गळ्यात शिल्लक आहे. खलनायकाच्या कारखान्यातला फार महत्त्वाचा प्रसंग आहे म्हणाली. ही म्हणते, कसला प्रसंग ते तरी विचारा. कलावंत विचारत नसतो. स्वाभिमानाने नकार द्यायचं ठरवलं.
दुपारी हो म्हटलं.

सोमवार, २२ एप्रिल.
रेकॉर्डिंग. शब्द नकोत म्हणाले, काका, फक्त "वऽऽर". लांब. एकाच पट्टीत. चढउतार नको, भाव नको, परत एकदा, आणखी एकदा. इतका शुद्ध स्वर यांना दुसरीकडे कुठे मिळणार? साउंडवाल्याने या वेळी हेडफोन आधीच काढून ठेवले होते.
आता कळेल त्या पोरीला, घार कुणाची आहे ते. बहिष्कार मागे.

शुक्रवार, ९ ऑगस्ट. रात्री.
सिनेमा बघून आलो. ही, चिरंजीव, वरच्या मजल्यावरच्या बाई, दुकानातले मॅनेजर, घशाचा डॉक्टर. अख्खी रांग मीच भरली होती.
मध्यंतरानंतर कारखाना आला. घार छतावरच्या पाइपातून आत शिरते, तिचा पाय एका तारेला लागतो आणि मी सुरू होतो. वऽऽर! वऽऽर! लाल दिवे लागतात, पहारेकरी धावत सुटतात. मी चिरंजीवांना कोपराने ढोसलं. माझा आवाज थिएटरभर घुमत होता. घार आता तोंड उघडणार, पंख पसरणार, असं मला वाटलं.
तिने भिंतीवरची एक पेटी उघडली. माझ्याकडेच बघितल्यासारखं केलं आणि कुजबुजली, "किती किंचाळतंय हे!" मग एक वायर कापली. मी बंद झालो.
थिएटर फुटलं हसून. टाळ्या. चिरंजीव हसले, बाई हसल्या, डॉक्टर तर डोळे पुसत होता.
हसेनात का. सगळे हसले याचा अर्थ सगळ्यांना ऐकू गेलं, अगदी मागच्या रांगेपर्यंत. माझा आवाज बंद करायला प्रत्यक्ष घारीला यावं लागलं, दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. पहारेकऱ्यांना तर मुळीच नाही.
ती पोरगी कुजबुजते चांगली. हे इथेच राहील.
ही मात्र हसली नाही. माझा हात हातात घेऊन सिनेमा संपेपर्यंत समोर बघत बसली. हसली असती तर बरं झालं असतं.