मायनरला मानसशास्त्र

७ जुलै, शिवरे
आप्पांनी परत विचारलं, मानसशास्त्र शिकून नोकरी लागती का? म्हटलं मेजर कॉमर्स आहे, हे मायनर. "म्हंजे वरकड," म्हणाले. खरं तर त्या तासानंतर भोरहून परतीची एसटी बरोबर मिळते म्हणून घेतला होता विषय. आता एसटी चुकली तरी मॅडमचा तास चुकवत नाही.

१० जुलै
पालीहून, ताईच्या सासरहून फोन. ताई पडली म्हणे, दात गेला. दिवाळीत पण पडली होती, होळीला पण. दाजी हात उचलतात हे अख्ख्या पालीला ठाऊक. आप्पा म्हणतात भातलावणी उरकू दे, मग बैठक लावू. पोरीचं तोंड फुटलंय आणि यांना आधी भात! डोकं फिरलंय माझं.

१९ जुलै
बैठक झाली, दाजींच्याच पडवीत. दाजी शेजारी बसलेले आणि गावच्या जाणत्यांनी सगळ्यांदेखत ताईला विचारलं, मारतो का गं? ती न्हाई म्हणाली. तरी दाजींनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली, पुन्हा हात लावणार न्हाई म्हणून. पुन्हा म्हणजे काय, कुणी विचारलं न्हाई. दाजी रडले, आई पण रडली. चहा आला. मॅडमनी फळ्यावर काढलेलं चक्र: मार, रडणं, लाड, परत मार. त्यातलं हे रडणं चाललेलं.

मी ताईला मागं गोठ्यात नेलं. मॅडम म्हणतात एकटीला विचारायचं, आणि नेमकं विचारायचं. विचारलं, "गळा धरला का कधी?"

तिनं पदर सारला. बोटं उमटलेली, निळी. "परवा. डोळ्यापुढं अंधार आला."

गळ्यापर्यंत हात गेला की उद्या जीवच जाऊ शकतो, हे मॅडमनी बजावून सांगितलेलं.

पडवीत येऊन म्हटलं, ताई आत्ता आमच्याबरोबर येणार. दाजींनी उठून माझे केस धरले, डोकं भिंतीवर आपटलं. परत आपटलं. हाताला भंडारा तसाच, माझे केस पिवळे, मग लाल. जाणते बसलेलेच. ताईनं मुसळ आणलं आणि त्यांच्या खांद्यावर घातलं. हाड मोडलेलं ऐकू आलं. ते खाली पडले तरी ती घालत होती, आप्पांनी ओढून काढली.

मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. मॅडमना विचारावं का हे? नको.

२० जुलै
डोक्याला टाके. ताईला घरी आणलंय. वेल्ह्याला पोलिसांत तक्रार दिली. ताई गळ्याचं सांगेना. आप्पांना मी रात्रीच सांगितलेलं. आप्पाच म्हणाले, "सायेब, गळा धरला ते पण लिवा." आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं बघून मान हलवली त्यांनी. दाजीला अहो-जाहो आजपासून बंद.

२७ जुलै
त्याचे फोन सुरू. हात गळ्यात बांधलाय, रडतो, देवळात बसलोय म्हणतो. आई विरघळायला लागली.

ताई भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या त्या इषयात असं हाय का, की एखादा खरंच सुधारतो?"

खोटं बोलायला पायजे होतं. म्हटलं, "एखादा सुधारतो."

भाकरी तव्यावर करपली. पिठाच्या डब्यावर फोन वाजायला लागला. ताईनं हात पुसले.