वाल्टरची सोबत

चि. सांझियाना हिस अनेक आशीर्वाद.

तुला इकडे एक आजी आहे. ठेंगणी, डाव्या गालावर तीळ, नाव तोदोसिया. खूण अशासाठी सांगते की ऑक्टोबरात तू शाल, छत्री आणि आजी, तिन्ही इथेच विसरून गेलीस. शाल मी वापरते, छत्री पाद्रीबाबांनी नेली, उरलेल्या वस्तूची तब्येत गुडघे सोडून बरी आहे. तुमची उभयतांची प्रकृती ठीक असावी. पत्र पोस्टवाली अनुत्सा लिहिते आहे आणि त्याचा फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवणार आहे, कारण पोस्टावर तिचा भरवसा नाही.

तक्रार तुझ्या नवऱ्याबद्दल आहे. रेटो माणूस सोन्यासारखा, बटाटे काढताना एकदाही कण्हला नाही. पण पहिल्याच सकाळी तो डुकराच्या खोपटाशी जाऊन विचारू लागला, याचा जोडीदार कुठे? मी म्हटलं, कसला जोडीदार, डिसेंबरात संत इग्नातच्या सणाला, गावातली सगळी डुकरं कापतात त्या दिवशी, कापायचंय ते. तेव्हा त्यानं सांगितलं (सांगणारा तो, पण मला समजावणारी तूच, आता कानावर हात ठेवू नकोस) की तुमच्या स्वित्झर्लंडात साधा गिनीपिगसुद्धा एकटा पाळणं कायद्यानं मना आहे. दोघांतला एक मेला की उरलेल्याला सोबत बघावी लागते. मी विचारलं, आणि विधवांचं काय? त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, त्याबद्दल कायद्यात काही नाही. (तुझे आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली. मी गिनीपिग असते तर एव्हाना सरकारी माणूस दाराशी आला असता.)

कायदा आपल्याकडेही आहे, अगदीच जंगल नाही. डुकराला आधी बेशुद्ध करायचं, मगच सुरी. गाव्रिला खाटीक ते पाळतो. पण तोवरचे दिवस ते डुक्कर कंटाळलं होतं का, हे आपला कायदा विचारत नाही. रेटो विचारतो. आठ दिवस तो बादली पालथी घालून खोपटापाशी बसला, डुकराचं नाव वाल्टर ठेवलं आणि जाताना मला म्हणाला, कुणीतरी याच्याजवळ बसत जा. पाहुण्याचा शब्द मोडू नये म्हणून मी बसू लागले. रोज थोडा वेळ. (अनुत्सा म्हणते, दोन दोन तास. तिला कुणी विचारलं?) नुसतं काय बसायचं म्हणून बोलू लागले. तुझे आजोबा मधेच उठून जायचे. वाल्टर पूर्ण ऐकून घेतो.

काल इग्नात झाला. गाव्रिला सगळी हत्यारं घेऊन आला, केस जाळायला पेंढाही आणला. आपली रीत तुला माहीत आहे: ज्याला डुकराची कीव येते त्यानं तिथे थांबू नये, नाहीतर डुकराचा जीव लवकर जात नाही. गाव्रिलानं मदतीला जमलेल्या आम्हा चौघांकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "तोदोसियाबाई, तुम्ही आत जा." मी गेले. वाल्टर काही खोपटातून हलेना. गाव्रिला दाराशी येऊन म्हणाला, "बाई, खिडकीतूनही पोचते ती कीव." मी पडदा ओढला. थोड्या वेळानं तो पुन्हा आला. "पडद्यातूनही." मग त्यानं आलुबुखाराची दारू दोन पेले घेतली, पेंढा तिथेच टाकला आणि घरी गेला. त्या पेंढ्यावर वाल्टर रात्रभर छान झोपला. ही सगळी तुझ्या नवऱ्यानं इथे सोडलेली कीव आहे. त्याला सांग, आपलं सामान परत घेऊन जा.

तुझी, तुझ्याच शालीत गुंडाळलेली,
आजी तोदोसिया

ता. क. कीव त्याची नव्हती. हे त्याला सांगू नकोस, उगाच फुशारेल.

ता. क. दुसरा. गावाला मी सांगितलंय की वाल्टर आजारी आहे. (अनुत्सानं देवाच्या तसबिरीवर हात ठेवून शपथ घेतली आहे. शिवाय ती वाल्टरला सफरचंदं आणते, तेव्हा तीही यात आलीच.) पण नाताळच्या आदल्या संध्याकाळी गाणी म्हणायला अख्खं गाव दारात येणार, आणि तोदोसियाच्या आढ्याला काही टांगलेलं नाही हे बघणार. तरी चार हात लांबीचं सॉसेज आणि डुकराची एक अख्खी मांडी घेऊन या. वरचे कागद काढून टाका, इथे दोन दिवस धूर दिला की आपल्याच घरचं वाटेल. पोस्टानं नको, दोघांनी हातानं आणा. आणि दुकानदाराला नीट विचारून घे: जोडीदार असलेल्या डुकराचंच दे म्हणावं.